कोकम, आमसूल, आगळ: तुम्ही नेहमी विचारता ते प्रश्न

कुडाळ तालुक्यात आमच्या घरामागे सोळा रातांबे, म्हणजे कोकमाची झाडं, आहेत. त्यातले काही सासऱ्यांनी लावलेले, काही आपसूक रुजलेले. दरवर्षी एप्रिल ते जून आमचं घर, शेजारच्या दोन घरांतल्या बायका आणि कॉलेजला सुट्टी लागलेली मुलं, सगळी या फळाच्या मागे असतात. आमसूल, आगळ आणि सरबताचा पाक या तीनच गोष्टी आम्ही विकतो. उरलेल्या वर्षात फोनवर आणि मेसेजवर जे प्रश्न येतात, त्यांची उत्तरं इथे सविस्तर लिहिते आहे. काही उत्तरं लांबली आहेत, कारण त्या गोष्टी दोन वाक्यांत सांगून समजत नाहीत.

कोकम, रातांबा, भिरंड, आमसूल, सोल ही सगळी एकाच वस्तूची नावं का?

झाड एकच, नावं मात्र वस्तूच्या अवस्थेप्रमाणे बदलतात. ताजं, पिकलेलं, गडद लाल फळ म्हणजे रातांबा. गोव्यात आणि आमच्या मालवणी बोलीतही त्याला भिरंड म्हणतात. फळाची साल मीठ-रसात भिजवून वाळवली की ती आमसूल. आम्ही बोलताना तिला सोल म्हणतो, आणि म्हणूनच कढीला नाव पडलं सोलकढी. कोकम हा शब्द झाडाला, फळाला, वाळलेल्या सालीला, सरबताला, कशालाही चालतो. कर्नाटकात याच फळाला मुरुगल म्हणतात, तुळू भाषेत पुनर्पुळी. शास्त्रीय नाव गार्सिनिया इंडिका.

मात्र केरळची कुडमपुळी वेगळी. ती याच कुळातल्या दुसऱ्या झाडाची, धुरावर वाळवलेली, काळीकुट्ट साल असते. माशाच्या आमटीत तीही छान लागते, पण तिला धुराचा वास असतो. सोलकढी तिची होत नाही.

आमसूल नेमकं कसं तयार होतं?

हा प्रश्न कुणी विचारला की मला खरंच आनंद होतो, म्हणून सगळं सांगते.

झाडावरची फळं एकदम पिकत नाहीत. एकाच फांदीवर हिरवी, गुलाबी आणि लाल फळं शेजारी शेजारी असतात. त्यामुळे एका झाडाला चार-पाच वेळा हात लावावा लागतो. खाली पडून फुटलेलं फळ आम्ही सोलांसाठी घेत नाही, त्याला माती लागते आणि ते लगेच आंबू लागतं. काढलेली फळं धुऊन, पुसून, शक्यतो त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या सकाळी फोडायची. रातांबा ठेवून चालत नाही, चौथ्या-पाचव्या दिवशी ढिगाला आंबूस वास सुटतो.

फोडायला अंगणात मधोमध मोठी परात ठेवून चौघी-पाचजणी बसतो. फळ आडवं कापायचं, दोन वाट्या करायच्या, आणि अंगठा आत घालून गरासकट बिया खरवडून परातीत पाडायच्या. एका फळात पाच ते आठ बिया असतात, त्यांच्याभोवती आंबट-गोड गुळगुळीत गर. दुपारपर्यंत सगळ्यांचे हात मनगटापर्यंत जांभळे होतात. नखांतला रंग पुढे पंधरा दिवस जात नाही. बोटाला चीर असेल तर त्या आंबटाने जीव कासावीस होतो, पण एकदा फोडायला घेतलेली पाटी संपवल्याशिवाय उठता येत नाही.

परातीतला गर आणि रस गाळून त्यात मीठ विरघळवायचं. आमच्याकडे दहा किलो सालीला साधारण एक किलो जाडं मीठ लागतं. या खारट रसात साली रात्रभर बुडवून ठेवायच्या, सकाळी निथळून उन्हात पसरायच्या. संध्याकाळी परत रसात. असं पुन्हा पुन्हा करायचं. याला आम्ही पुट देणं म्हणतो. पहिल्या दिवशी साल नुसती मऊ आणि ओली असते. तिसऱ्या दिवशी कडा आत वळतात. पाचव्या पुटानंतर ती चामड्यासारखी चिवट होते आणि रंग लालवरून काळपट जांभळ्याकडे झुकतो. शेवटचं वाळवण दोन-तीन दिवसांचं. सगळं मिळून कडक उन्हात आठ-दहा दिवस जातात.

पुटं किती दिली यावर काय अवलंबून असतं?

सगळंच. एक-दोन पुटं देऊन वाळवलेली साल पातळ, कोरडी आणि नुसती खारट लागते. आमटीत घातली की आंबटपणा येतो, पण पाठोपाठ काही येत नाही. चार-पाच पुटांच्या सोलात रस मुरलेला असतो. ते दाताखाली धरलं तर आधी मीठ, मग आंबट, आणि शेवटी फळाचा किंचित गोडवा लागतो. आम्ही पाच देतो. ऊन चांगलं असेल तर सहावंही.

तुम्ही कुणाकडूनही आमसूल घेत असाल तर हा एक प्रश्न जरूर विचारा: पुटं किती दिली? स्वतः करणारा माणूस लगेच आकडा सांगेल.

आमसूल लाल चांगलं की काळं?

नवं, त्याच वर्षीचं आमसूल काळपट जांभळं असतं, आणि उजेडाकडे धरलं तर कडेला लाल झाक दिसते. वर्ष-दोन वर्षांनी ते जवळजवळ काळं पडतं. ते खराब झालं असं नाही. कोकमाचा नैसर्गिक रंग उष्णतेने आणि काळाने उतरतो, हे त्याचं कारण. चव आणि आंबटपणा टिकतो. माझ्या सासूबाई माशाच्या तिखल्यात मुद्दाम जुनं सोल वापरतात आणि सोलकढीला नवं. मलाही आता तेच पटतं, कारण कढीला रंग हवा असतो आणि तिखल्यात तो मसाल्यात लपूनच जातो.

निवडताना रंगापेक्षा बोटांवर विश्वास ठेवा. सोल दाबलं की मऊ लागलं पाहिजे, वाकवलं तर कटकन मोडता कामा नये, आणि हाताला ओल किंवा चिकट पाणी लागता कामा नये. पांढरे कण दिसले तर चाटून पाहा. मिठाचे असतील तर चिंता नाही. पांढरट केसाळ थर आणि कुबट वास असेल तर ती बुरशी, ते टाकून द्या.

आगळ आणि सरबताचा पाक यात फरक काय? माझ्याकडून एकदा आगळाचं सरबत झालं!

अनेकांचं होतं, म्हणून आमच्या आगळाच्या बाटलीवर आम्ही आता ‘खारट’ असं मोठ्या अक्षरांत लिहितो.

आगळ म्हणजे सालींचा मिठातला रस. सालीच्या वजनाच्या साधारण सहाव्या हिश्शाइतकं मीठ घालून बरणीत ठेवायचं, रोज ढवळायचं, सात-आठ दिवसांनी गाळायचं. त्यात पाणी नाही, साखर नाही, आच नाही. मीठ आणि आंबट यांच्यावरच तो टिकतो. तो सोलकढीसाठी, साराला, माशाला लावायला.

पाक म्हणजे साखरेतला रस. एक किलो सालीला दोन किलो साखर, काचेच्या बरणीत एक थर सालीचा, एक थर साखरेचा. तोंडाला स्वच्छ फडकं बांधून सात-आठ दिवस उन्हात. साखर सालीतलं सगळं पाणी ओढून घेते आणि बरणीत गडद लाल पाक साठतो. तो गाळला की झालं. काही लोक याला अमृत कोकम म्हणतात. गाळून उरलेल्या साली फेकत नाही आम्ही, त्या वाळवून मुलं सुपारीसारख्या चघळतात.

एका बाटलीत किती सरबत होतं? आणि कसं करायचं?

एक भाग पाकाला पाच भाग पाणी. लिटरच्या बाटलीचं सहा लिटर, म्हणजे २०० मिलीचे तीस पेले. भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि मीठ पिताना घालायचं, आधी नाही. काळं मीठ घातलं तर साधं कमी करा.

माझं स्वतःचं मत असं की सरबत फ्रिजच्या पाण्यापेक्षा माठाच्या पाण्यात जास्त चांगलं लागतं. अति गार पाण्यात जीभ बधिरते आणि फळाचा वास कळत नाही. सोडा घालूनही पितात. तरुण मंडळींना ते आवडतं, आणि मलाही एकदा चाखल्यावर आवडलं. सोडा घालायचा तर पाक थोडा जास्त घ्या.

सोलकढी फुटते. काय चुकतं?

बहुतेक वेळा तीन गोष्टींपैकी एक. गरम नारळाच्या रसात आगळ घातलेलं असतं, किंवा तयार कढी गॅसवर चढवलेली असते, किंवा सकाळी करून रात्रीपर्यंत ठेवलेली असते. आंबट आणि नारळाचं दूध यांची गाठ फार वेळ टिकत नाही. उष्णता मिळाली की आणखी लवकर सुटते.

आम्ही अशी करतो. एक मध्यम नारळ खवून, त्यात कोमट पाणी घालून वाटायचा आणि पिळून पहिला दाट रस बाजूला काढायचा. मग चोथा परत वाटून दुसरा पातळ रस काढायचा. वाटतानाच लसणीच्या दोन-तीन पाकळ्या आणि एक हिरवी मिरची आत टाकली की वेगळी चटणी लागत नाही. रस पूर्ण गार होऊ द्यायचा. आता पातळ रसात चार चमचे आगळ घालून ढवळायचं, मग दाट रस ओतायचा. रंग फिका गुलाबी यायला हवा, जास्वंदीसारखा लाल नव्हे. चव घेऊन मगच मीठ, कारण आगळात मीठ असतंच. वर कोथिंबीर. जेवायला बसण्याआधी अर्धा तास करा, त्याहून आधी नको.

आगळ नसेल तर आठ-दहा सोलं अर्धी वाटी कोमट पाण्यात अर्धा तास भिजवा, हाताने चांगली कुस्करा आणि ते पाणी गाळून वापरा. रंग थोडा कमी येतो, पण चव मुरलेली असते.

हॉटेलात मिळते तशी घट्ट, गडद गुलाबी सोलकढी घरी का होत नाही असं पुष्कळजण विचारतात. घरची कढी पातळच असते. भातावर ओतून कालवायची आणि शेवटी वाटीने प्यायची, त्यासाठी ती पातळच हवी.

नारळ न घालता करता येते का?

येते, आणि उन्हाळ्यात मला तीच जास्त आवडते. सोलांचं पाणी, मीठ, चिमूटभर साखर, ठेचलेली मिरची, कोथिंबीर, आणि वरून हिंग-जिऱ्याची किंवा लसणीची फोडणी. आमच्याकडे तिला तिवळ म्हणतात, गोव्यात फुटी कढी. ही फुटायचा प्रश्नच नाही, गरमही करता येते.

रोजच्या स्वयंपाकात चिंचेऐवजी आमसूल वापरायचं तर किती आणि कधी?

चार माणसांच्या आमटीला तीन-चार सोलं पुरतात. चिंच आमटीला दाट करते आणि रंग गढूळ करते, आमसूल तसं करत नाही. त्याचा आंबटपणा स्वच्छ असतो. म्हणून तुरीच्या गोड्या आमटीत गूळ आणि आमसूल यांची जोडी जमते.

वेळ महत्त्वाची आहे. आंबट आधी पडलं की डाळी, कडधान्यं आणि भाज्या नीट शिजत नाहीत, टणक राहतात. तेव्हा डाळ शिजल्यावर, भाजी मऊ झाल्यावर सोलं टाका आणि पाच-सात मिनिटं उकळू द्या. जास्त वेळ ठेवली तर तुरटपणा उतरतो. भेंडीच्या भाजीत मात्र उलट. तिथे थोडं आधी घातलेलं चालतं, कारण आंबटाने भेंडीची तार कमी होते.

बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं आणि सोलं दोन्ही हवीत. त्यातलं एक नसेल तर मी तिखलं करतच नाही. आणि माशाला लावायला आगळ: हळद, मीठ, तिखट आणि दोन चमचे आगळ लावून पंधरा मिनिटं ठेवा, मग तळा. लिंबापेक्षा छान लागतं. इथे मीठ अगदी बेताने.

रंग घातलेलं सरबत ओळखायचं कसं?

घरी करता येईल अशी एक सोपी तपासणी आहे. चमचाभर पाक अर्ध्या पेला पाण्यात मिसळा आणि त्यात चिमूटभर खायचा सोडा टाका. कोकमाचा नैसर्गिक रंग आंबटात लाल राहतो. सोड्याने आंबटपणा मोडला की तो निळसर, करडा किंवा हिरवट होतो. कृत्रिम लाल रंग बहुधा लालच राहतो. अर्थात ही घरगुती परीक्षा आहे, प्रयोगशाळेची नाही. थोडा रस आणि थोडा रंग असं मिश्रण असेल तर अंदाज चुकू शकतो.

दुसरी खूण काळाची. खरा पाक वर्षभरात लालवरून विटकरी, मग तपकिरी होऊ लागतो. दीड वर्षाची बाटली पहिल्या दिवसाइतकी लालभडक असेल तर शंका घ्यायला जागा आहे. लेबलही वाचा, घातलेला रंग आणि टिकाऊपणासाठी घातलेली द्रव्यं त्यावर लिहावी लागतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा (एफएसएसएआय) १४ आकडी क्रमांक आहे का तेही पाहा. आम्ही घरातच करत असलो तरी तो घेतलेला आहे.

आमचं आमसूल पावसाळ्यात ओलं झालं. खराब झालं का?

नाही. मीठ हवेतली ओल ओढतं, म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये सोलांना पाणी सुटतं. ते पाणीसुद्धा फेकू नका, आमटीत घाला. सोलं ताटात पसरून पंख्याखाली किंवा ऊन पडेल त्या दिवशी बाहेर ठेवा आणि कोरड्या काचेच्या बरणीत भरा. ओला चमचा घालायचा नाही, एवढं पाळलं की आमसूल दोन वर्षं सहज राहतं.

आगळ आणि पाक किती टिकतात?

आगळ फ्रिजबाहेर वर्षभर. पाक न उघडता वर्षभर, उघडल्यावर फ्रिजमध्ये ठेवून तीन महिन्यांत संपवा. आम्ही त्यात टिकाऊपणासाठी काही घालत नाही, म्हणून हे सांगणं गरजेचं आहे. बाटली उघडताना फस्स असा आवाज आला, वर फेस दिसला किंवा दारूसारखा वास आला तर पाक आंबला आहे, पिऊ नका. आम्हाला कळवा, बदलून देऊ. चार वर्षांपूर्वी आमची एक अख्खी बरणी अशी गेली. धुतलेली बरणी आतून पूर्ण वाळली नव्हती, घाईत भरली. तेव्हापासून बरण्या दोन दिवस कडक उन्हात पालथ्या घालून मगच भरतो.

कुठल्या भांड्यात ठेवावं?

काच किंवा चिनीमाती. स्टील थोड्या वेळापुरतं चालेल. अ‍ॅल्युमिनियम, तांबं, बिनकल्हईचं पितळ आणि लोखंड अजिबात नको, एवढ्या आंबटात धातू उतरतो.

बाजारात याहून स्वस्त मिळतं. तुमचं महाग का?

ताज्या फळाच्या वजनात साल साधारण निम्मी असते. ती वाळली की आणखी हलकी होते. म्हणजे तुमच्या हातातल्या पाव किलोच्या पिशवीसाठी कितीतरी किलो फळ चढून काढलेलं, धुतलेलं, हाताने फोडलेलं असतं. त्यावर आठ-दहा दिवस रोज दोन वेळा घालणं-काढणं. बायकांची मजुरी आम्ही दिवसावर देतो, नगावर किंवा किलोवर नाही. कारण किलोवर दिली की घाईत कुजकं फळही फोडलं जातं आणि बोटं कापली जातात. किंमत यातून ठरते.

आणि जोखीम असते पावसाची. मे महिन्याच्या शेवटी वळवाची सर कधी येईल सांगता येत नाही. आभाळ भरलं की कुणीतरी ओरडतं, “गो, पावस इलो, सोलां उचला!” की हातातली कामं टाकून सगळ्या अंगणाकडे धावतो. एका वर्षी आम्ही सगळेच एका लग्नाला गेलो होतो. परत येईपर्यंत सर येऊन गेली होती. शेवटच्या पुटावर आलेली सोलं चिंब भिजली, पुढचे चार दिवस ऊन पडलं नाही आणि त्यावर बुरशी आली. ते सगळं खड्ड्यात टाकावं लागलं. सासूबाई त्या दिवशी जेवल्या नाहीत.

मग ड्रायर का वापरत नाही?

पावसात अडकलेला माल वाचवायला वापरतो. गावातल्या बचत गटाचा सौर ड्रायर आहे, तिथे पाट्या नेतो. जूनमध्ये पिकणारी फळं त्याच्याशिवाय वायाच जातील, आणि कोकणात कितीतरी फळं अशीच झाडाखाली कुजतात, हे बघवत नाही. स्वच्छतेच्या दृष्टीनेही ड्रायर चांगला, धूळ-माशी लागत नाही. पण पुटांची जागा तो घेऊ शकत नाही. ड्रायर वापरा, पुटंही द्या, असं मी सांगेन. नुसतं एकदा मिठात बुडवून एका दिवसात कोरडं केलेलं सोल मला तरी आमसूल वाटत नाही.

बियांचं काय करता?

बिया धुऊन वाळवायच्या, फोडून मगज काढायचा, वाटायचा आणि पाण्यात उकळायचा. वर तेल तरंगतं. ते थंड होऊ लागलं की घट्ट होतं, मग हाताने वळून मुठीएवढे गोळे करायचे. हेच कोकमतेल. चाळीस अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून घरात घट्टच राहतं आणि अंगाच्या उबेने पातळ होतं. पायाच्या भेगांना, थंडीत फुटलेल्या ओठांना आमच्याकडे पिढ्यानपिढ्या हेच लावतात. हल्ली साबण, क्रीम आणि चॉकलेट करणारेही ते घेतात. आम्ही विकण्याइतकं काढत नाही. बिया गोळा करणाऱ्याला देतो आणि घरापुरते पाच-सहा गोळे ठेवतो.

कोकम पित्तावर चालतं का? वजन कमी होतं का?

अंगावर पित्त उठलं की सोलांचं पाणी लावायची आणि प्यायची पद्धत आमच्या घरात आहे आणि मीही ती पाळते. पण ती घरची रीत आहे, औषध म्हणून मी विकत नाही. वजनाबद्दल विचाराल तर कोकमातल्या हायड्रॉक्सिसिट्रिक आम्लाच्या गोळ्या बाजारात आहेत. सरबत पिऊन वजन उतरेल असं कुणी सांगत असेल तर त्या सरबतात साखर किती आहे ते आधी विचारा. मधुमेह असलेल्यांनी पाक घेऊ नये, आमसूल घ्यावं. रक्तदाबाचा त्रास असेल तर आगळ जपून.

घरी, शहरात, हे करता येईल का?

पाक नक्की करता येईल. मे महिन्यात मुंबई-पुण्याच्या काही मंडयांत ताजे रातांबे येतात. पिकलेले, टणक, न फुटलेले निवडा. धुऊन पूर्ण कोरडे करा, बिया काढा आणि वर दिलेल्या प्रमाणात साखर घाला. गॅलरीत चार-पाच तास ऊन येत असलं तरी पुरे, फक्त दिवस वाढवा. रोज सकाळी बरणी हलवा. तळाशी साखर राहिली असेल तर पाक अजून झाला नाही असं समजा. काढलेल्या बियांवरचा गर वाया घालवू नका, तो पाण्यात कुस्करून, साखर-मीठ घालून त्याच दिवशी प्या. ते ताजं गुलाबी पाणी बाटलीत कधीच मिळणार नाही.

आमसुलाला मात्र अंगण आणि सलग ऊन हवं. गच्ची असेल तर जमेल.

जीआय मानांकन म्हणजे काय? तुमच्याकडे आहे का?

‘सिंधुदुर्ग आणि रत्नागिरी कोकम’ या नावाला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. या दोन जिल्ह्यांबाहेरचं कोकम त्या नावाने विकता येत नाही, एवढा त्याचा साधा अर्थ. मानांकन वस्तूच्या नावाला असतं, पण त्याचा उल्लेख करून माल विकायचा तर उत्पादकाने स्वतंत्र नोंदणी करावी लागते. आमची नोंदणी चालू आहे. ती पूर्ण होईपर्यंत आम्ही पिशवीवर ती खूण छापलेली नाही.

परसात रातांबा लावायचा आहे. बी लावू की कलम?

कलम. रातांब्यात नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात. बियांपासून आलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात, आणि ते कळायला फुलं येईपर्यंत सात-आठ वर्षं थांबावं लागतं. आमच्या सोळापैकी पाच नर आहेत. इतकी वर्षं पाणी घालून झाड वाढवायचं आणि त्याला फळच नाही, हे फार जिव्हारी लागतं. मादी झाडाच्या काडीचं कलम घेतलं की हा प्रश्न सुटतो, फळही लवकर धरतं. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाच्या ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या जाती आहेत. अमृता पावसाआधी तयार होते, आणि वर पावसाबद्दल जे लिहिलं ते वाचलंत तर याचं मोल लक्षात येईल. परागीभवनासाठी जवळपास एखादं नर झाड असू द्या. आमचे पाच नर त्या कामी येतात, म्हणून तोडलेले नाहीत.

आम्ही येऊन बघू शकतो का?

जरूर या. सर्वात चांगला काळ एप्रिलचा शेवट ते मेचा तिसरा आठवडा. आदल्या दिवशी कळवा म्हणजे फळं काढायचा दिवस असेल तर तसं सांगता येईल. जुने कपडे घाला, कोकमाचा डाग कापडावरून पूर्ण जात नाही. मुलांना आणा. फोडायला बसायचं असेल तर बसा, पण सुरी मुलांच्या हातात आम्ही देत नाही, त्यांच्याकडे बिया खरवडायचं काम. येणाऱ्याला पहिल्यांदा ताज्या गराचं पाणी मिळतं.

परदेशात मुलीकडे न्यायचं आहे. काय न्यावं?

आमसूल. हलकं असतं, सांडत नाही. आम्ही दुहेरी पिशवीत हवाबंद करून देतो. आगळाची बाटली सामानात फुटली तर सगळ्या साड्या जांभळ्या होतात, एका ताईंचं खरंच तसं झालं. नेण्याआधी त्या देशाचे खाद्यपदार्थ आणण्याचे नियम पाहून घ्या आणि विमानतळावर अर्जात नीट नोंदवा.

वर्षभराचं घ्यायचं तर किती आणि कधी मागवू?

चार माणसांचं घर, आठवड्यातून दोन-तीनदा वापर, तर एक किलो आमसूल वर्षाला पुरतं. सोलकढी आवडत असेल तर आगळाच्या दोन बाटल्या वेगळ्या. नवा माल जूनच्या पहिल्या आठवड्यात तयार असतो आणि पाठवणी पाऊस जोरात सुरू होण्याआधी करतो, म्हणून मेमध्येच नोंदवून ठेवा. पैसे माल निघाल्यावर द्या. त्या वर्षी ऊन कमी पडलं आणि पुटं पूर्ण झाली नाहीत तर आम्ही तसं कळवतो आणि जेवढं नीट झालं तेवढंच पाठवतो.